शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नव्हे, हक्क!

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. मदत मोलाची होती. पण ती एका उदार राजाची होती आणि तिला बडोद्यात १० वर्षे नोकरीची अट होती. प्रत्येक गरीब मुलाला सयाजीराव कुठून भेटणार? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्ती मागितली. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राजाच्या दानाची जागा सरकारच्या जबाबदारीने घेतली.

आज तीच ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ रखडते, तेव्हा आम्ही कार्यालयात हात जोडून उभे राहतो. का? मित्रांनो, उपकार मागायचे नसतात. हक्काचा हिशेब मागायचा असतो. तो आपण संघटितपणे मागू.

जय भीम!