गोल गोळी, लांब गोळी

‘ठासणीची बंदूक’ हा शब्द कोकणातल्या बातम्यांमध्ये अजून अधूनमधून दिसतो. रानडुकरांपासून शेती वाचवायला परवान्याने बाळगलेली जुन्या पद्धतीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. काडतुसाच्या बंदुकीत दारू किती आणि गोळी कुठली हे कारखान्यात ठरून आलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीत यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं. प्रत्येक बार म्हणजे मालकाने स्वतः जुळवलेला नवा प्रयोग.

म्हणूनच ‘कुठली गोळी अचूक?’ या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्यांना, लष्कराला आणि यंत्रं बनवणाऱ्यांना पार वेडं केलं होतं. त्या वादातली दोन माणसं मला फार रोचक वाटतात. एक मँचेस्टरमधला कारखानदार, दुसरा आपल्या सातपुड्याच्या जंगलात फिरणारा पंचविशीतला अधिकारी. दोघांनीही तोच प्रश्न विचारला आणि दोघांची उत्तरं बरोब्बर उलटी आली. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते.

आधी प्रश्न समजून घेऊ. साध्या गुळगुळीत नळीतून सुटलेली शिशाची गोल गोळी सरळ जात नाही. ती नळीच्या भिंतींना आपटत बाहेर येते, शेवटच्या धक्क्याने कुठल्या तरी दिशेला गरगरायला लागते, आणि ज्या दिशेला गरगरते त्या दिशेला हवा तिला वळवते. क्रिकेटमधला चेंडू हवेत ‘ड्रिफ्ट’ होतो तसंच. हे नीट प्रयोग करून दाखवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, अठराव्या शतकात. त्याने एका नळीचं टोक मुद्दाम डावीकडे वाकवलं आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावून गोळीचा मार्ग टिपला. गोळी सुटली डावीकडे, पण पुढे जाता जाता वळली उजवीकडे. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.)

यावर उपाय म्हणजे नळीच्या आत पिळाचे आटे पाडायचे, म्हणजे गोळी स्वतःच्या आसाभोवती भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडेल. हीच रायफल. पण आटे असले की गोळी घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी नळीच्या तोंडातून खाली ठासणं महाकठीण. शिकारी गोळीभोवती तेलकट कापडाची किंवा पातळ चामड्याची चकती गुंडाळून ठासत. त्यात काळ्या दारूचा आणखी एक ताप. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन मागे उरतो. पहिला बार स्वच्छ नळीतून जातो, पाचवा काजळीने माखलेल्या नळीतून. म्हणजे तुम्ही दोन गोळ्यांची तुलना करताय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात स्वच्छ आणि घाणेरड्या नळीची तुलना करत असता. गोळीचा आकार, तिचं वजन, दारूचं माप, चकतीची जाडी, वंगण, आट्यांचा पीळ, नळीची सफाई: यातल्या दोन गोष्टी एकदम बदलल्या की निकालाला अर्थ उरत नाही. कोडमधला बग शोधताना एका वेळी एकच ओळ बदलायची असते, तसंच हे.

१८४९ साली फ्रान्सच्या क्लोद मिनिए याने घट्ट गोळीचा प्रश्न हुशारीने सोडवला. त्याची गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ होती. नळीत ती सैल उतरायची. दारू पेटली की बुड फुगून आट्यांमध्ये घट्ट बसायचं. याच कल्पनेवर ब्रिटिशांची १८५३ सालची एनफील्ड रायफल उभी राहिली. पण कारखान्यागणिक, बंदुकीगणिक तिचा नेम बदलत होता आणि का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. १८५४ साली सरकारने जोसेफ व्हिटवर्थला विचारलं. तो काही बंदूक बनवणारा नव्हता. तो अचूक मोजमापाची यंत्रं आणि स्क्रूचे प्रमाणित आटे यांसाठी गाजलेला इंजिनिअर. त्याचं म्हणणं पडलं, आधी उत्तम नळी कशाला म्हणतात तेच ठरलेलं नाही, तर तशा नळ्या बनवणारी यंत्रं कशी सांगू? आधी प्रयोग.

मग मँचेस्टरमध्ये आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीचा एक बंद बोगदा उभारला, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. हेतू एवढाच, की वारा लागू नये. सुरुवातीलाच तो वादळात पडला. तो पुन्हा बांधून १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. वाटेत रॉबिन्ससारखेच पातळ कागदाचे पडदे. गोळी प्रत्येक कागदाला भोक पाडत जाणार, आणि भोकाच्या आकारावरून ती सरळ जातेय की आडवी कोलांट्या खातेय ते कळणार.

त्याला सापडलं ते असं. एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थने गोळीचं वजन तितकंच, ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम ठेवलं, पण नळी ०.४५१ इंचाची अरुंद केली. गोळी आपोआप बारीक आणि लांब झाली, व्यासाच्या सुमारे तिप्पट. बारीक गोळीला हवा कमी अडवते, पण लांब गोळी लवकर कलंडते, म्हणून तिला जोरात फिरवावं लागतं. त्याने पीळ २० इंचांत एक फेरा इतका वाढवला आणि नळी षट्कोनी केली, म्हणजे गोळी आट्यांवरून घसरण्याचा प्रश्नच मिटला.

१८५७ साली हाइथ इथल्या चाचणीत दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. मोजणीची पद्धत आजही वाखाणण्यासारखी आहे: दोन सर्वांत लांबच्या भोकांमधलं अंतर मोजण्याऐवजी मध्यापासून प्रत्येक गोळीचं अंतर घेऊन सरासरी काढायची. एखादी चुकार गोळी मग सगळा निकाल फिरवत नाही. ५०० यार्डांवर एनफील्डची सरासरी २.२४ फूट, व्हिटवर्थची ०.३७ फूट. एक माणसाच्या छातीबाहेर, दुसरी तळहाताएवढ्या जागेत. १,४०० यार्डांवर एनफील्डचं मोजण्यासारखं काही उरलंच नाही. तरीही लष्कराने व्हिटवर्थ रायफल घेतली नाही. तिची अरुंद नळी काजळीने लवकर जाम होई आणि किंमत एनफील्डच्या चौपट होती. बोगद्यात वारा नव्हता, तसाच घाईत पन्नासावी गोळी ठासणारा दमलेला शिपाईही नव्हता.

चाचणी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, न विचारलेल्याचं नाही. याचं सर्वांत भयंकर उदाहरण त्याच काळात भारतात घडलं. एनफील्डच्या काडतुसाला वंगण म्हणून चरबी आणि मेण लावत. १८५३ साली अशी काडतुसं इंग्लंडहून इकडे पाठवली गेली, इथल्या उन्हात वंगण टिकतं का ते बघायला. शिपायांनी ती आपल्या पिशव्यांमध्ये बाळगायची, नंतर ती तपासायची. कर्नल हेन्री टकर या अधिकाऱ्याने तेव्हाच लेखी बजावलं होतं की, शिपायांच्या जातिधर्माला बाधणारं या वंगणात काही नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं त्यांना देऊ नयेत. वंगण वितळतं का, हे तपासलं गेलं. ते कशाचं आहे, या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं. पुढचं १८५७ आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

आता दुसरा माणूस. जेम्स फॉर्सिथ, बंगाल स्टाफ कोअरमधला अधिकारी. १८६१ साली नागपूर राजधानी करून ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हा प्रांत झाला. आजच्या विदर्भाचा मोठा भाग त्यात होता. त्या प्रांताच्या जंगलांची पाहणी करायला फॉर्सिथ सातपुड्यात हिंडला, पचमढीला त्याने ‘बायसन लॉज’ बांधला. १८६३ साली त्याचं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांबद्दलचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. सगळं जग लांब गोळीच्या मागे लागलेलं असताना त्याचा दावा होता की, जंगलातल्या शिकाऱ्याने गोल गोळीच वापरावी.

त्याचा मुद्दा असा. सागाच्या आणि बांबूच्या रानात जनावर दिसतं ते शंभर-दीडशे यार्डांच्या आत, आणि क्षणभरच. अंतर मोजायला वेळ नसतो. अशा वेळी गोळ्या किती जवळजवळ पडतात याला फारसं महत्त्व नाही. अंतराचा अंदाज चुकला तर गोळी किती खाली पडते, हे महत्त्वाचं.

हे आपण हिशोबाने बघू. हवेचा अडथळा सोडून देऊ. एक गोळी सेकंदाला ३०० मीटरने जाते, दुसरी ४५० मीटरने. दोन्ही बंदुकींचा नेम १०० मीटरला लावलाय आणि सांबर प्रत्यक्षात १५० मीटरवर उभं आहे. संथ गोळी नेमाच्या ४१ सेंटिमीटर खाली लागेल, वेगवान गोळी १८ सेंटिमीटर. पहिली पायावर किंवा पोटाखाली, दुसरी अजून छातीतच. बोगद्यात कितीही अचूक असली तरी संथ गोळी इथे जनावराला फक्त जखमी करणार.

मग गोळीचा वेग वाढवायचा तर जास्त दारू घाला, इतकं सोपं. पण तेव्हाच्या शिकारी रायफलींचा पीळ जोरकस असे. दारू वाढवली की मऊ शिशाची गोल गोळी आट्यांमधून फिरत जाण्याऐवजी त्यांच्यावरून सरळ घसरून जाई आणि नेम बिघडे. म्हणून बंदूकवाले दारूच कमी ठेवत. सिलोनमध्ये हत्तींची शिकार करणाऱ्या सॅम्युएल बेकरने यावर दांडगाईचा उपाय काढला होता. १८४० साली त्याने २१ पौंड वजनाची रायफल बनवून घेतली. गोळीला भोवती पट्टा, तो नळीतल्या दोन खोल खाचांत बसायचा, आणि एका बारात जवळजवळ २८ ग्रॅम दारू. फॉर्सिथचा उपाय साधा होता. गोल गोळीला कलंडायला टोकच नाही, तर तिला इतकं फिरवायचं कशाला? पीळ सैल करा. १४ बोअरच्या रायफलीसाठी, म्हणजे एका पौंड शिशात १४ गोळ्या होतील एवढ्या गोळीसाठी, त्याने १०४ इंचांत एक फेरा सुचवला. नळीच्या पूर्ण लांबीत गोळी पाव फेऱ्याच्या आसपासच फिरते. आता दारू हवी तेवढी घाला. गोळी घसरत नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग पुढे आहे. १८७९ साली, म्हणजे व्हिटवर्थच्या प्रयोगांनंतर जवळजवळ पाव शतकाने, जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने पिळाचं एक सोपं सूत्र मांडलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. उत्तर येतं तितक्या इंचांत एक फेरा. व्हिटवर्थची गोळी घाला, ०.४५१ व्यास आणि साधारण १.४ इंच लांबी. उत्तर सुमारे २२ इंच. त्याने ठरवले होते २०. आता फॉर्सिथची. १४ बोअरचा व्यास ०.६९३ इंच, गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच. उत्तर १०४. सूत्र मुळात लांबट गोळ्यांसाठीचं आहे, गोल गोळीला ते लावणं म्हणजे जरा ओढाताणच. तरी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असलेली दोन उत्तरं एकाच ओळीत बसलेली पाहिली, की वाद कुणी जिंकला हा प्रश्नच विरघळतो. लांबी बदलली की पीळ बदलतो. आणि लांबी किती हवी, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

फॉर्सिथ ‘स्वच्छ मरणा’चा आग्रह धरत होता, कारण जखमी वाघाचा झाडीत माग काढणं म्हणजे काय हे त्या रानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबाच्या हातात रायफल असे. पुढे पाऊलखुणा बघत चालणारे गोंड आणि कोरकू मागकरी असत. गोळी वीतभर खाली पडली तर त्याची किंमत आधी त्यांनी मोजायची. पण सुधारलेल्या नेमाचा दुसरा अर्थही खरा आहे. बंदूक जितकी भरवशाची झाली, तितकी जंगलं वेगाने रिकामी झाली. वाघ मारण्याबद्दल सरकार बक्षीस देत असे.

त्याचं उत्तर फार काळ टिकलंही नाही. मागून भरायच्या, काडतुसाच्या रायफली आल्या आणि ठासणीच्या बंदुकीची सगळी गणितं निकालात निघाली. फॉर्सिथ १८७१ साली तरुणपणीच वारला. मध्य भारताच्या डोंगरांवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याच वर्षी आलं. त्याच सातपुड्यातलं मेळघाट पुढे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झालं, आणि १९७२ च्या कायद्याने वाघाच्या शिकारीचा प्रश्नच संपला. पचमढीच्या बायसन लॉजमध्ये आज वनखात्याचं संग्रहालय आहे. आज त्याच रानात वाघ दिसला की शंभर यार्डांवरून जीपमधले सगळे कॅमेरे उचलतात. अंतराचा अंदाज घ्यायला वेळ अजूनही मिळत नाही. फक्त तो चुकला तर फोटो हलतो, एवढंच.