प्लेग कोणत्या रकान्यात गेला?

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर गुरुवारी एक छापील यादी निघत असे. मागच्या आठवड्यात कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, किती माणसे पुरली आणि ती कशाने मेली, हे तीत असे. प्लेगचा आकडा चढू लागला की श्रीमंत मंडळी शहर सोडण्याच्या तयारीला लागत.

मृत्यूचे कारण ठरवणारे डॉक्टर नव्हते. पॅरिशने नेमलेल्या गरीब म्हाताऱ्या बायका प्रेत पाहून येत, घरच्यांना विचारत आणि कारकुनाला कारण सांगत. त्यांनी ‘प्लेग’ म्हटले की घराला बाहेरून कुलूप लागे, दारावर तांबडा क्रूस रंगवला जाई आणि धडधाकट माणसेही आजाऱ्यांबरोबर आत कोंडली जात. अशा वेळी बाईच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवून ‘ताप’ लिहवून घेणाऱ्या बापाला लबाड म्हणायला आमची तरी जीभ रेटत नाही.

जॉन ग्रांट हा लंडनचा एक दुकानदार. जुन्या याद्या चाळून त्याने १६६२ मध्ये एक पुस्तक छापले. त्यात १६२५ चा हिशेब आहे. त्या वर्षी प्लेगने ३५ हजारांवर माणसे मेल्याची नोंद होती आणि बाकी सर्व कारणांनी १८ हजारांवर. एरवी या बाकीच्या कारणांनी वर्षाला सात-आठ हजारच मरत. मग सगळे रोग एकाच वर्षी दुपटीहून जास्त कसे बळावले? वरचे दहा-अकरा हजार मृत्यू प्लेगचेच असणार, असे ग्रांटने ताडले. कारण खोटे सांगता येते. प्रेत मात्र पुरावेच लागते, त्यामुळे एकूण आकडा लपवणे अवघड. ही वजाबाकी सातवीच्या मुलांनाही फळ्यावर करता येईल.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा रुग्णाला सक्तीने इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यू दुसऱ्या रोगांच्या नावावर चढू लागले. तेव्हाही एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना करूनच खऱ्या आकड्याचा अंदाज बांधावा लागला.

कोविडच्या बाबतीतही तेच झाले. २०२० आणि २०२१ मध्ये जगभरात सुमारे ५४ लाख कोविडमृत्यू नोंदले गेले होते. नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुमारे १४९ लाखांचा अंदाज दिला. भारतापुरता तो अंदाज भारत सरकारने मान्य केला नाही.