वाळवलेली मोहफुले

वाळवलेली मोहफुले हा मोहाच्या (शास्त्रीय नाव: मधुका लाँगिफोलिया) मांसल फुलांपासून घरोघरी केला जाणारा सुक्या मेव्यासारखा पदार्थ आहे. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत तो प्रामुख्याने केला जातो. मोह हा चिकूच्या कुळातील (सॅपोटेसी) वृक्ष असून त्याची वाळलेली फुले चवीला मनुक्यासारखी लागतात.

हंगाम व संकलन

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव व सडक अर्जुनी या तालुक्यांत मोठे वनक्षेत्र आहे. तेथे मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फिकट पिवळसर फुले रात्री व पहाटे गळून पडतात. गोंड, हलबा व इतर समाजांतील कुटुंबे ती सकाळी वेचतात. ही फुले अस्वलांनाही आवडतात; त्यामुळे अंधारात एकट्याने वेचणे धोक्याचे असते.

फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे. त्यातून वणवे लागतात, रोपटी नष्ट होतात आणि फुलांना राख व माती चिकटते. पाला झाडून काढणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे हे त्यावरील पर्याय होत. जाळीत पडलेली फुले स्वच्छ राहत असल्याने खाण्यासाठी अधिक योग्य ठरतात.

वाळवण्याची पद्धत

ताज्या फुलांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते व साखरही भरपूर असते. त्यामुळे ती ढिगात ठेवल्यास लवकर आंबतात. म्हणून वेचलेल्या दिवशीच ती सारवलेल्या अंगणात, चटईवर किंवा स्वच्छ कापडावर पातळ थरात पसरतात. दिवसातून काही वेळा ती परततात आणि सायंकाळी दव लागू नये म्हणून गोळा करतात. कडक उन्हात साधारण तीन-चार दिवसांत फुले आकसून तांबूस-तपकिरी होतात. अवकाळी पावसात भिजलेली फुले काळी पडतात व त्यांना बुरशी लागते.

वाळल्यावर फुले चोळून किंवा हलके बडवून आतील पुंकेसर वेगळे करतात. नंतर ती कोरड्या, हवाबंद भांड्यात साठवतात. ओल राहिल्यास किंवा पावसाळ्यात हवा लागल्यास ती पुन्हा दमट होतात. म्हणून अधूनमधून ऊन दाखवले जाते.

आहारातील उपयोग

खाण्यापूर्वी फुले निवडून, धुऊन, पुन्हा कोरडी करून भाजतात. ती नुसती किंवा भाजलेल्या चण्यांसोबत खातात. तीळ, शेंगदाणे किंवा जवसाबरोबर कुटून लाडू वळतात. फुलांच्या गोडव्यामुळे गूळ कमी लागतो. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असल्याने त्यांपासून भरपूर ऊर्जा मिळते. शेतीची कामे नसलेल्या किंवा धान्य संपत आलेल्या काळात हा साठा कुटुंबांच्या उपयोगी पडत आला आहे.

कायदेशीर स्थिती

मोहफुलांपासून मद्यही तयार होते. त्यामुळे महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये त्यांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर निर्बंध होते. राज्य शासनाने 2021 मध्ये हे निर्बंध शिथिल केले. वनहक्क कायदा, 2006 नुसार पात्र वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क आहे. साठवणुकीची सोय नसलेल्या कुटुंबांना हंगामातच, भाव कमी असताना फुले विकावी लागतात. स्वच्छ व नीट वाळवलेली फुले मात्र पुढे अनेक महिने घरात ठेवता येतात, खाता येतात आणि खाद्यपदार्थ म्हणून विकताही येतात.