‘बरीत’ : ईश्वराशी झालेला करार

‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ ही बायबलच्या दोन भागांची नावे मराठी वाचकांना परिचित आहेत. यातील ‘करार’ या शब्दामागे ‘बरीत’ ही मूळ हिब्रू संकल्पना आहे. शपथेने बांधलेले नाते, असा तिचा अर्थ असून प्राचीन ज्यू धर्मविचाराचा तो कणा मानला जातो.

हिब्रू भाषेत करार केला जात नाही, तो ‘कापला’ जातो. ‘उत्पत्ती’च्या १५व्या अध्यायात अब्राम (पुढे अब्राहाम) पशूंचे दोन भाग करून समोरासमोर मांडतो आणि त्यांमधून धुमसती भट्टी व मशाल जाते. करार मोडणाऱ्याची गतही अशीच होवो, हा त्यामागील भाव. यिर्मयाच्या ग्रंथात (अध्याय ३४) तो स्पष्ट होतो.

धर्मग्रंथात असे अनेक करार आहेत. नोहाशी झालेल्या कराराची खूण इंद्रधनुष्य, तर अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण सुंता. कोकणातील बेने इस्रायल समाजानेही आठव्या दिवशी सुंता करण्याची परंपरा जपली. सीनाय पर्वतावरील करारात मात्र आज्ञापालनाची अट आली. ‘अनुवाद’ या ग्रंथातील आशीर्वाद व शाप यांची मांडणी अ‍ॅसिरियाचा सम्राट एसरहद्दोन याने इ. स. पूर्व ६७२ मध्ये मांडलिकांशी केलेल्या तहांशी मिळतीजुळती आहे, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. फरक इतकाच, की येथे सम्राटाच्या जागी ईश्वर आहे.

इ. स. पूर्व ५८६च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि मूलभूत प्रश्न उभा राहिला : प्रजेने मोडलेला करार संपला काय? ईश्वर नवा करार करील आणि आपला नियम अंतःकरणावर लिहील, हे यिर्मयाच्या ग्रंथातील (अध्याय ३१) उत्तर.

काही शतकांनंतर एका पंथाने हेच शब्द स्वतःला लावून घेतले. सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७ मध्ये कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगमधून हस्तलिखितांचा मोठा साठा केंब्रिजला आणला. त्यात ‘दमास्कस दस्तऐवज’ होता. तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘दमास्कसच्या भूमीतील नवा करार’ हा त्यातील उल्लेख बराच काळ कोडेच राहिला. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ पासून गुंडाळ्या मिळू लागल्या आणि याच ग्रंथाच्या प्राचीन प्रतींचे तुकडे तेथील गुहांत सापडले.

तेथेच मिळालेल्या ‘समुदाय नियमा’त प्रवेशविधीचे वर्णन आहे. पुरोहित आशीर्वाद देत, लेवी शाप उच्चारत आणि प्रवेश घेणारे ‘आमेन, आमेन’ म्हणत. हा विधी दरवर्षी होई. नवागताची दोन वर्षे कसोटी पाहून मगच त्याची मालमत्ता समुदायात विलीन केली जाई. मालमत्तेविषयी खोटे बोलल्यास एक वर्ष शुद्ध भोजनातून बहिष्कार आणि अन्नात चतुर्थांश कपात, अशी शिक्षा होती. ‘दमास्कस दस्तऐवजा’नुसार तर सदस्यांच्या मुलांनाही वयात आल्यावर शपथ घ्यावी लागे.

धर्मग्रंथातील करार संपूर्ण प्रजेशी होता, तो वारशाने मिळे. या पंथाने मात्र जन्म पुरेसा मानला नाही. प्रत्येकाने स्वतः शपथ घ्यायची आणि ती न घेणारा ज्यू असूनही कराराबाहेर. इ. स. ६८च्या सुमारास रोमन सैन्याने कुमरानची वसाहत नष्ट केली. करार रक्ताने मिळतो की निवडीने, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न मात्र तिच्या ग्रंथांबरोबर गुहांत टिकून राहिला.