फुकटचा निवारा

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे जुने देऊळ आहे. हे शहर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६६९ मध्ये या देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले, अशी शिलालेखाची साक्ष आहे. गावाच्या उत्पन्नावर देवळाचा खर्च चालावा, ही त्यातील योजना. सर्वांच्या सोयीसाठी लागणारा पैसा कोठून यावा, या प्रश्नाला त्या काळाने दिलेले हे उत्तर होय. दगडावर दात्याचे नाव कोरलेले आहे. पण ते नाव येणाऱ्याजाणाऱ्याजवळ काही मागत नाही.

पुढे म्हैसूर संस्थानाच्या काळात तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, १८९४ च्या सुमारास, हेसरघट्टा तलावाचे पाणी शहराकडे आणण्याची योजना हाती घेतली गेली आणि १९०५ मध्ये शिवसमुद्रमच्या विजेने बंगळूरचे रस्ते उजळले. या सोयींचा भार सरकारी खजिन्याने वाहिला. खजिना म्हणजे अखेर रयतेने भरलेला करच. सोय कोणाच्या पैशाने झाली याचा हिशेब त्यामुळे सरळ होता.

या सरळ हिशेबाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वळण मिळाले. १९६४ मध्ये फ्रान्समधील लिआँ शहरात झाँ-क्लोद दको या उद्योजकाने नगरपालिकेपुढे एक कल्पना मांडली. बसथांब्याचा निवारा मी बांधतो, त्याची निगाही मी राखतो. तुम्ही मला पैसे देऊ नका, फक्त त्यावर जाहिराती लावू द्या. नगरपालिकेस ही कल्पना पटली यात नवल नाही. अशा करारांची चाल मग देशोदेशी पसरली.

बंगळुरातही ती आली. बसथांबे आणि पादचाऱ्यांचे पूल जाहिरातीच्या हक्काच्या मोबदल्यात उभे राहू लागले. बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा, हा या करारांचा मंत्र. महानगरपालिकेच्या तिजोरीवर ताण नाही, नागरिकाच्या डोक्यावर छप्पर आहे, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद केला गेला. तो अगदीच पोकळ नव्हता. भर पावसात बसची वाट पाहणाऱ्या वृद्धेला निवारा हवाच आहे, आणि तो कोणाच्या पैशाने झाला हे विचारण्याची तिला सवड नसते.

तरीही शहरात विरोध वाढत गेला. फलकाआड येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, काही ठिकाणी तर झाडांना विष घातले जाते, अशा तक्रारी झाल्या. जाहिरातफलकांच्या जोडीला पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स होतेच. उघड्या जागांचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा कर्नाटकात १९८१ पासून होता. तो बहुधा कागदावरच राहिला. अखेर जनहित याचिकेच्या सुनावणीत १ ऑगस्ट २०१८ रोजी मुख्य न्यायमूर्ती दिनेश माहेश्वरी यांच्या खंडपीठाने बेकायदा फलक तत्काळ उतरविण्याचा आदेश दिला. हजारो फलक उतरले. त्याच महिन्यात महानगरपालिकेने जाहिरातफलकांवर बंदी घालण्याचा ठराव केला.

येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. बंदीच्या धोरणातही खासगी भागीदारीतून झालेल्या बसथांब्यांना आणि पादचारी पुलांना सूट राहिली. उघडी जाहिरात गेली. सोयीच्या पाठीवर बसलेली जाहिरात टिकली. या करारांतील दोष नेमका येथेच आहे, असे आम्हांस वाटते. ज्याचा खर्च जाहिरातीतून निघावयाचा तो पूल, जेथे मोटारींतील डोळे अधिक तेथे बांधण्याचा मोह होणार; जेथे चालणारे पाय अधिक, ती जागा मागे पडणार. गरिबांच्या वस्तीतील थांब्याला जाहिरातदार कोठून मिळावा? शिवाय फलकाचे भाडे कंपनी मालाच्या किमतीत धरते, म्हणजे पैसे नागरिकच देतो. फरक एवढाच की या वसुलीची पावती मिळत नाही आणि तिच्यासाठी कोणाला मते मागावी लागत नाहीत.

महानगरपालिकेची अडचणही नाकारता येत नाही. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या सूचीतील जाहिरात-कराची नोंदच गेली. मग शुल्क आणि भाडे यांकडे नजर वळली. २०१९ मध्ये राज्य शासनाने आणि जुलै २०२४ मध्ये महानगरपालिकेने नव्या नियमांचे मसुदे पुढे आणले, तेव्हा फलक पुन्हा परततील या भयाने नागरिकांनी हरकती घेतल्या. २०२४ चा मसुदा येण्यापूर्वी दोनच महिने, १३ मे रोजी, मुंबईत घाटकोपर येथे १२० फूट लांबी-रुंदीचा फलक वादळात पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे दगावली होती. ४० फुटांची मर्यादा तेथे कागदावर होती. उत्पन्नाची गरज आणि नियमांची ढिलाई एकत्र आली की काय होते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

इतरत्र काय घडले? ब्राझीलमधील साओ पावलोने २००७ पासून बाहेरच्या जाहिरातींवर बंदी घातली. पण काही वर्षांनी बसथांब्यांच्या करारांतूनच जाहिरात तेथे पुन्हा आली. दकोच्याच देशातील ग्रनोबल शहराने मात्र २०१४ मध्ये जाहिरातीचा करार पुढे न चालविण्याचे ठरविले. तीनशेवर फलक काढावयाचे आणि झाडे लावावयाची, असा तो निर्णय. उत्पन्न सोडावे लागेल, हे नगरपालिकेने मान्य केले.

बंगळूरची ती महानगरपालिका २०२५ मध्ये संपली आणि तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. त्या प्रत्येकीला थांबे बांधावयाचे आहेत आणि पैसा कमी आहे. त्यांनी जाहिरात मुळीच घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. थांबा कोठे हवा हे आधी चालणाऱ्यांना विचारून ठरवावे, कराराचा हिशेब लोकांपुढे मांडावा, आणि ज्या वस्तीत जाहिरातदार फिरकत नाही तेथील थांबा कराच्या पैशाने बांधावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. व्यंकोजींच्या शिलालेखात दिलेल्या गावाचे नाव आहे. आजच्या थांब्यावरही, त्याच्या मोबदल्यात शहराने काय दिले, हे लिहिलेले असावे.