पारस खडका

पारस खडका (जन्म : २४ ऑक्टोबर १९८७, काठमांडू) हे नेपाळचे माजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू आणि नेपाळच्या राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार आहेत. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत. उपयुक्त गोलंदाज म्हणूनही त्यांनी संघाला साथ दिली. २००९ ते २०१९ या काळात त्यांनी संघाचे नेतृत्व केले. एकदिवसीय आणि टी२० या दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रकारांत नेपाळचे पहिले शतक त्यांच्याच नावावर आहे.

प्रारंभिक कारकीर्द

खडका यांनी २००४, २००६ आणि २००८ अशा तीन १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धांत नेपाळचे प्रतिनिधित्व केले. २००६ च्या स्पर्धेत नेपाळने अंतिम सामन्यात न्यू झीलंडचा पराभव करून प्लेट गटाचे विजेतेपद मिळविले. वरिष्ठ संघात त्यांचा प्रवेश २००४ मध्येच झाला होता.

विश्व क्रिकेट लीग

नेपाळ हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा सहयोगी सदस्य असल्याने संघाला विश्व क्रिकेट लीगच्या खालच्या श्रेणींतून वर यावे लागले. प्रत्येक श्रेणीतील आघाडीच्या संघांना वरच्या श्रेणीत बढती मिळत असे. खडका यांच्या नेतृत्वाखाली नेपाळने २०१० मध्ये काठमांडू येथे पाचव्या, २०१२ मध्ये मलेशियात चौथ्या आणि २०१३ मध्ये बर्म्युडात तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले. या श्रेणींतील सामन्यांना आंतरराष्ट्रीय किंवा ‘लिस्ट अ’ दर्जा नव्हता. त्यामुळे खडका यांच्या ऐन उमेदीच्या काळातील बरीचशी कामगिरी त्यांच्या अधिकृत आकडेवारीत दिसत नाही.

२०१४ टी२० विश्वचषक

बांगलादेशात झालेल्या या स्पर्धेत नेपाळ प्रथमच खेळला. १६ मार्च २०१४ रोजी चितगाव येथे झालेला हाँग काँगविरुद्धचा सामना हा नेपाळचा पहिला आंतरराष्ट्रीय टी२० सामना होय. त्यात खडका यांनी ४१ धावा केल्या आणि आंतरराष्ट्रीय टी२० कारकिर्दीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. नेपाळने हा सामना ८० धावांनी जिंकला. पुढे अफगाणिस्तानवरही ९ धावांनी विजय मिळाला. मात्र सरस निव्वळ धावगतीच्या जोरावर बांगलादेश पुढील फेरीत गेला. त्याच वर्षी नेपाळला मिळालेला आंतरराष्ट्रीय टी२० दर्जा २०१५ च्या पात्रता स्पर्धेतील अपयशामुळे गमवावा लागला.

निलंबनाचा काळ आणि एकदिवसीय दर्जा

कारभारातील सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने एप्रिल २०१६ मध्ये नेपाळ क्रिकेट संघटनेला निलंबित केले. राष्ट्रीय संघाला स्पर्धांत खेळण्याची मुभा असली, तरी देशात क्रिकेटचा मान्यताप्राप्त कारभार उरला नव्हता. अशा परिस्थितीत खडका यांच्या संघाने २०१८ च्या आरंभी नामिबियातील द्वितीय श्रेणीची स्पर्धा पार करून विश्वचषक पात्रता स्पर्धा गाठली. झिम्बाब्वेतील या स्पर्धेत १५ मार्च २०१८ रोजी पापुआ न्यू गिनीवर ६ गडी राखून मिळविलेल्या विजयानंतर नेपाळला एकदिवसीय दर्जा प्राप्त झाला.

नेपाळचा पहिला एकदिवसीय सामना १ ऑगस्ट २०१८ रोजी नेदरलँड्सविरुद्ध झाला. तो नेपाळने गमावला; परंतु ३ ऑगस्टच्या दुसऱ्या सामन्यात १ धावेने विजय मिळवून मालिका बरोबरीत सोडविली. संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध २८ जानेवारी २०१९ रोजी दुबई येथे झालेल्या निर्णायक सामन्यात विजयासाठी २५५ धावांचे लक्ष्य असताना खडका यांनी १०९ चेंडूंत ११५ धावा केल्या. हा सामना ४ गडी राखून जिंकून नेपाळने मालिका २-१ अशी खिशात घातली. नेपाळचा हा पहिला एकदिवसीय मालिकाविजय होता.

त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी सिंगापूर येथे यजमान संघाविरुद्ध त्यांनी ५२ चेंडूंत नाबाद १०६ धावा फटकावल्या. या खेळीत ७ चौकार आणि ९ षटकार होते.

कर्णधारपदाचा त्याग आणि निवृत्ती

ऑक्टोबर २०१९ मध्ये संघटनेवरील निलंबन उठले आणि नवी कार्यकारिणी निवडून आली. त्याच महिन्यात खडका यांनी कर्णधारपद सोडले. त्यांच्यानंतर ज्ञानेंद्र मल्ल यांची कर्णधारपदी नियुक्ती झाली. खडका आणखी काही काळ खेळाडू म्हणून संघात राहिले आणि ३ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. निवृत्तीनंतर त्यांनी नेपाळ क्रिकेट संघटनेचे सचिवपद भूषविले.

मूल्यमापन

सुमारे सतरा वर्षांच्या वरिष्ठ कारकिर्दीत खडका यांच्या वाट्याला आलेल्या एकदिवसीय सामन्यांची संख्या दहाच्या आसपासच आहे, कारण नेपाळला हा दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. त्यामुळे केवळ धावा आणि बळींच्या आकड्यांवरून त्यांच्या कामगिरीची पुरेशी कल्पना येत नाही. विश्व क्रिकेट लीगच्या पाचव्या श्रेणीतील संघ त्यांच्या कर्णधारपदाच्या काळात एकदिवसीय दर्जापर्यंत पोहोचला, हे नेपाळच्या क्रिकेटमधील त्यांचे प्रमुख योगदान मानता येईल.