कोडचा परवाना : स्वातंत्र्य नेमकं कोणाचं?

सॉफ्टवेअरच्या जगात जवळपास चाळीस वर्षं एक भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, जीपीएलसारखा परवाना अटी घालतो, मग तो स्वातंत्र्याचा कसला? खरं स्वातंत्र्य बीएसडी किंवा एमआयटी परवान्यात आहे : नाव ठेवा, बाकी वाटेल ते करा. दुसरी बाजू म्हणते, या अटी काढल्या तर स्वातंत्र्य चार दिवसही टिकणार नाही. आपल्यातले कितीतरी तरुण आज आयटीत आहेत आणि त्यांना हे भांडण निव्वळ तांत्रिक वाटतं. माझ्या मते हा सत्तेचा प्रश्न आहे. अट आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. ती कोणावर आहे आणि तिचा फायदा कोणाला, हे विचारावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. परवाना नसलेला कोड मोकळा असतो, असं अनेकांना वाटतं. कायदा उलट सांगतो. अमेरिकेने १९८० साली कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा स्पष्ट उल्लेख केला. आपल्याकडेही १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे कोणी कोड लिहिला आणि काहीच जाहीर केलं नाही, तर तो कुलूपबंदच असतो. प्रत काढणं, बदल करून वाटणं, सगळं मालकाच्या मर्जीवर. तेव्हा मुक्त परवाना, मग तो जीपीएल असो वा बीएसडी, आधी कुलूप उघडतो. वाद त्यानंतरचा आहे : उघडलेलं दार पुढच्या माणसाने पुन्हा बंद केलं तर?

ही भीती हवेतली नव्हती. एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३च्या सप्टेंबरमध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. (इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकट की मुक्त, हे त्यांना आयुष्यभर समजावत बसावं लागलं. मराठीत ही अडचण नाही. मोफत वेगळं, मुक्त वेगळं.) त्यांच्या ईमॅक्स या संपादकात जेम्स गॉसलिंग यांच्या ईमॅक्समधला काही भाग वापरला होता. पुढे गॉसलिंग यांनी आपल्या कोडचे हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले आणि कंपनीने स्टॉलमन यांना तो कोड वाटण्यास हरकत घेतली. कालपर्यंत हातोहात फिरणारी गोष्ट आज खासगी मालमत्ता झाली होती. स्टॉलमन यांनी तो भाग नव्याने लिहून काढला. सद्भावना म्हणजे हक्क नव्हे, हा त्यातला धडा. ईमॅक्सच्या परवान्यातूनच पुढे १९८९ साली जीपीएलची पहिली आवृत्ती आली आणि १९९१ साली दुसरी. तिचा गाभा सरळ आहे : वापरा, वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा, मात्र पुढे वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क आणि मूळ कोड द्या.

बर्कले विद्यापीठातून आलेल्या बीएसडी परवान्याची वाट वेगळी. त्या कोडचे तुकडे विंडोजमध्ये गेले, ॲपलच्या प्रणालीच्या पायात गेले, सोनीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये गेले. बेकायदेशीर काहीच झालं नाही. पण प्लेस्टेशन विकत घेणाऱ्या मुलाला आतली प्रणाली उघडून बदलता येते का? नाही. लिहिणाऱ्याने दिलेलं स्वातंत्र्य कंपनीपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. बीएसडीचे समर्थक म्हणतात, मूळ कोड तर अजून खुलाच आहे, कोणी काय हिरावलं? युक्तिवाद खोटा नाही, अर्धा आहे. ज्याच्या हातात यंत्र आहे, त्याला दूर कुठेतरी खुल्या असलेल्या जुन्या कोडचा उपयोग काय?

आता दुसरं उदाहरण पाहा. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. २००३ साली सिस्कोने ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षी लोकांच्या लक्षात आलं की या निळ्या-काळ्या डब्यात लिनक्स चालतं. लिनक्स जीपीएलखाली आहे, म्हणजे कोड देणं बंधनकारक. कंपनीने तो दिला नव्हता. बोभाटा झाला, दबाव आला आणि अखेर कोड बाहेर आला. त्यावर उभं राहून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज असंख्य जातींच्या राउटरवर ते चालतं. स्वस्तातल्या डब्याला महागड्या यंत्राची कामं शिकवता आली, कंपनीने वाऱ्यावर सोडलेली यंत्रं लोकांनी चालू ठेवली. हे दान नव्हतं, अटीमुळे वसूल झालेला हक्क होता. पुढे लिंक्सिसने त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी निम्मी केली आणि लिनक्स काढून बंदिस्त प्रणाली घातली. मग लिनक्सवाल्या जुन्या राउटरची मागणी एवढी राहिली की तो डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने विकावा लागला!

म्हणून जीपीएल बंधन घालतं हे मला मान्य आहे. ते बंधन दुसऱ्याला बांधण्याच्या ताकदीवर आहे. ही ताकद सहसा कोणाकडे असते, हे समाजशास्त्र न शिकलेल्यालाही कळतं.

तरीही जीपीएलची आरती ओवाळायची गरज नाही. टिवो कंपनीने कोड दिला, पण बदललेला कोड यंत्रात चालूच नये अशी डिजिटल कडी घातली. २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजवली. लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर ठेवलं. त्याहून मोठी भोकं क्लाउडची. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल तर प्रत 'वाटली' जात नाही, मग जीपीएलची अट लागूच होत नाही. त्यासाठी एजीपीएल आलं. २०१८ साली मोंगोडीबीने आणखी कडक परवाना आणला, पण त्यामागे आपला धंदा मोठ्या क्लाउड कंपन्यांपासून वाचवणं हा हेतू होता. तिथे अट वापरणाऱ्यासाठी नव्हती, मालकासाठी होती. दोन्ही प्रकारच्या अटींना एकाच मापाने मोजू नका.

कधी कधी कडक परवाना अडचणीचाही ठरतो. लोहित देवनागरी हा फॉन्ट आधी जीपीएलखाली होता. फॉन्ट आपल्या दस्तऐवजात जडवला की दस्तऐवजालाही ती अट लागते का, असा किचकट प्रश्न अशा फॉन्टबाबत उभा राहतो. २०११ साली लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. त्यात या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे.

आणि कागदावरचा हक्क बजावायचा कोणी? आजवर दावे बहुतेक कोड लिहिणाऱ्यांनी केले. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्सच्या एका विकसकाच्या बाजूने साइटकॉम कंपनीविरुद्ध निकाल दिला, तो असाच. ज्याने राउटर किंवा टीव्ही विकत घेतला, तो बाजूलाच. २०२१ साली अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला, तोही कॉपीराइटचे मालक म्हणून नव्हे तर टीव्हीचे ग्राहक म्हणून. खटला चालण्याआधीच दावा निकालात काढावा, ही कंपनीची मागणी २०२३च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने फेटाळली.